पसरणी घाटातनं गेलेला मुलगा

हाउन्स्लो, लंडन
5 सप्टेंबर

तीर्थरूप आई-आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन सोडून पत्र आलं म्हणून घाबरू नका. मी खुशाल आहे. जेवण वेळेवर होतं, खोली उबदार आहे. आई, गाल बसलेत म्हणतेस ना, थोडे बसलेत. का, ते पुढं लिहितो. फोनवर सांगायला गेलो की घसा दाटतो.

जून-जुलैत मला नोकरी नव्हती. कंपनीनं आमचा विभागच बंद केला. माझ्या व्हिसावर नोकरी गेली की साधारण 60 दिवसांत दुसरी कंपनी गाठावी लागते, नाहीतर गाशा गुंडाळायचा. मला 47व्या दिवशी मिळाली. ऑगस्टपासून रुजू झालोय, आता काळजीचं कारण नाही. तेव्हा कळवलं नाही, कारण आप्पांचं बीपी नुकतंच ताळ्यावर आलं होतं. लपवायचं म्हणून लपवलं नाही.

इथं एक रीत आहे, ती मला अजून पचत नाही. भेटेल तो "यू ऑलराइट?" म्हणतो. ड्रायव्हर, दुकानदार, शेजारची म्हातारी, सगळे. पण हा प्रश्न नव्हे. उत्तरादाखल आपणही "ऑलराइट?" म्हणायचं आणि दोघांनी पुढं चालू लागायचं. कुणी खरंच बरं-वाईट सांगायला लागला तर समोरचा अवघडतो. वाईट मनाची नाहीत हो माणसं, दार धरून उभी राहतात. पण आपल्याकडं पोवई नाक्यावर कुणी "काय म्हणतंय?" विचारलं तर निदान चहा होईस्तोवर ऐकतो तरी. त्या सात आठवड्यांत मला दिवसातनं दहादा "ऑलराइट?" विचारलं गेलं आणि दहादा मी हो म्हणालो.

तेव्हा मला सावरलं ते क्वीननं. आप्पा, कॉलेजात असताना मी माडीवर लावायचो आणि तुम्ही "तो आरडाओरडा बंद कर" म्हणायचात, तोच बँड. त्याचा गाणारा फ्रेडी मर्क्युरी. मूळ नाव फारोख बलसारा, पारशी घरातला, जन्म झांजिबारचा. आज त्याचा वाढदिवस, 1946 सालचा. आणि शिकला कुठं? पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये! आठ वर्षांचा असताना आईबापांनी समुद्रापलीकडनं पाठवला. फ्रेडी हे नाव तिथंच पडलं, पहिला बँडही तिथल्याच पोरांचा. आप्पा, पसरणी घाटात ज्या वळणांवर तुम्ही वीस वर्षं तिकिटं फाडलीत, त्याच वळणांवरनं तुमच्या कितीतरी आधी हे पोरगं वर गेलं असणार.

1964 साली झांजिबारमध्ये क्रांती झाली तेव्हा ते कुटुंब इथं फेल्टममध्ये आलं. माझ्या खोलीपासून चालत जाता येतं. नकार आला की मी कानात गाणी लावून तिकडं चालत जायचो. साधं विटांचं घर आहे, भिंतीवर त्याच्या नावाची निळी गोल पाटी. डोक्यावरनं हीथ्रोची विमानं जातात. त्यानंही सुट्टीत त्या विमानतळावर सामान उचललंय. पाटीसमोर उभा राहिलो की वाटायचं, घाट उतरून आलेला मी इथं पहिलाच नव्हे. पुढं शेवटच्या दुखण्यात, 1991 साली, उभं राहणं जड जात होतं तरी तो गात राहिला. ती गाणी मी रात्री ऐकायचो आणि सकाळी उठून पुन्हा अर्ज भरायचो.

आणखी एक. त्यांच्या गिटारवाल्यानं, ब्रायन मेनं, आपली गिटार वडलांबरोबर घरीच बनवली. शेकोटीच्या चौकटीचं जुनं लाकूड, मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, विणायच्या सुईचा तुकडा. साठ वर्षं झाली, अजून तीच वाजवतो. हे वाचलं आणि गाडीच्या जुन्या सीटच्या स्प्रिंगा घालून तुम्ही आज्जीला बनवलेली खुर्ची आठवली. त्या रात्री फोन करून मी उगाचच खुर्चीची चौकशी केली होती. तुम्ही म्हणालात, एक पाय हलतोय. बसवून घ्या, आज्जी पडायची.

आता पैशाचं. छकीच्या लग्नाला चार लाख म्हणालो होतो, ते आता दोनच जमतील, दिवाळीआधी पाठवतो. शिल्लक त्या दिवसांत संपली. उरलेले माघापर्यंत नक्की. तोवर पतसंस्थेतनं काढा, हप्ता मी भरेन, पण ओढ्याकाठच्या रानाला हात लावू नका. साखरपुड्याला येता येत नाही, नव्या ठिकाणी एवढ्यात रजा मिळत नाही. छकीला तुम्ही सांगू नका, मीच फोन करतो. लग्नाला मात्र आठ दिवस आधी हजर.

आणि आई, कोरेगावच्या पाहुण्यांचं तू तीनदा विचारलंस. माझी ना नाही. पण मधे नोकरी गेली होती आणि आता पगार कमी आहे, हे त्यांना आधी सांगा. त्यावर ते काय म्हणतात ते मला कळवा.

आज्जीच्या गोळ्यांचे पैसे वेगळे पाठवलेत.

तुमचा,
बाळू