एक्स-रेच्या पाकिटावरील चित्राबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या मांडीचे हाड चौथ्यांदा मोडून जुळून आले, तेव्हा आपण डॉक्टर नसून हाडांच्या यांत्रिकीच्या संशोधक आहात हे ठाऊक असूनही आम्ही आपल्याकडे आलो आणि आपण आमच्यासाठी सबंध दुपार दिली. त्या दुपारचे आभार मानायचे राहून गेले होते, म्हणून हे पत्र.

मुलीला ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा हा ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार आहे. साधारण 15,000 ते 20,000 जन्मांमागे एका बाळाला तो होतो आणि बहुतेकांमध्ये त्याचे मूळ पहिल्या प्रकारच्या कोलाजेन या प्रथिनाच्या जनुकांतील बिघाडात असते, एवढे आम्ही वाचून होतो. ‘पोरीला हलू देऊ नका’ असे आम्हाला पूर्वी एका ठिकाणी सांगण्यात आले होते आणि तो सल्ला आम्ही इतका मनावर घेतला होता की, प्लास्टर निघाल्यानंतरही कित्येक महिने तिला पलंगावरून खाली उतरू दिले नाही. पुढच्या एक्स-रेमध्ये हाड आणखी विरळ दिसले, तेव्हा आमचे काय चुकले हे आम्हाला कोणी नीट सांगितले नव्हते.

आपण ते सांगितले. घोसाळ्याची वाळलेली जाळी पाण्यात भिजवून आपण ती मुलीच्या हातात दिली आणि हळूच वाकवायला सांगितली. वाकलेल्या आतल्या बाजूने पाणी झिरपून तिच्या मनगटावर ओघळले. सोडताच जाळीने ते पुन्हा ओढून घेतले. पाऊल टाकताना मांडीचे हाडही असेच किंचित वाकते, दाबल्या गेलेल्या बाजूचा द्रव ताणलेल्या बाजूकडे सरकतो आणि भार उतरला की परत फिरतो, हे तेव्हा तिलाही समजले. भार नुसता धरून ठेवला तर दाब सगळीकडे सारखा होऊन प्रवाह थांबतो. भार बदलत राहिला तरच पाणी खेळते, हे आपले वाक्य मी त्याच रात्री लिहून ठेवले.

मग आपण एक्स-रेच्या पाकिटाच्या पाठीवर पेनाने भोपळ्याच्या बीसारखी एक पेशी काढली आणि तिला चहूबाजूंनी बारीक तंतू काढले. हाडातील दहांपैकी नऊ पेशी या ऑस्टिओसाइट असतात, त्यांचे तंतू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही अरुंद नलिकांमधून एकमेकींपर्यंत पोहोचतात आणि तो द्रव याच नलिकांतून वाहतो, असे आपण समजावले. चालताना हाड जेमतेम 0.2 टक्क्यापर्यंत दबते किंवा ताणले जाते, पण प्रयोगशाळेतील पेशींना जाग यायला त्याच्या कितीतरी पट ताण लागतो, मग हाडातल्या पेशींना भार कळतो कसा, हा माझा प्रश्न आपण बाळबोध मानला नाही. न्यूयॉर्कमधील वाइनबॉम, कॉविन आणि झेंग या संशोधकांनी 1994 मध्ये गणिताने दाखवले की, वाहता द्रव पेशीच्या तंतूंना घासतो आणि ते घर्षण पेशीला जाणवण्याइतके मोठे असते. ती जाणीव झाली की पेशी स्क्लेरोस्टिन हे हाडाची बांधणी रोखणारे प्रथिन कमी सोडते. पलंगावर पडून असलेल्या माझ्या मुलीच्या हाडाला हा निरोपच मिळत नव्हता.

आपण खोटी आशा मात्र दाखवली नाही, याचे मोल मला अधिक वाटते. या आजाराच्या उंदरांच्या हाडांत पेशींच्या पोकळ्या संख्येने जास्त आणि आकाराने अधिक गोल आढळतात, रक्तवाहिन्यांचे मार्गही दाट असतात. वाट जवळ असली की द्रव तिकडे निसटतो, दाब लवकर उतरतो आणि त्याच भाराचा निरोप पेशीपर्यंत वेगळ्या रीतीने पोहोचू शकतो, हे आपण सांगितले. शिवाय ठिसूळ हाडाला जागवणारा भार आणि मोडणारा भार यांत अंतर थोडे असते, म्हणून भार किती द्यायचा हे अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांनीच ठरवायचे, उंदराच्या हाडावरून मुलीचा व्यायाम ठरवायचा नाही, असेही आपण दोनदा बजावले.

आम्ही तसेच केले. आधी पाण्यात चालणे, मग कॅलिपर लावून कठड्याला धरून उभे राहणे आणि आता एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेणे, असे सगळे फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली चालू आहे. ते पाकीट तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लावले आहे. भार उजवीकडे घेताना ती ‘गेलं पाणी’ म्हणते आणि डावीकडे घेताना ‘आलं पाणी’. काल तिने अशा वीस फेऱ्या केल्या आणि आपल्याला कळवायला सांगितले.

आपली कृतज्ञ,
एक आई