मंत्रिमहोदय, माझा क्लचचा पाय भाजला

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,

विषय : गरम पाण्याच्या कुंडात भाजलेला डावा पाय, आणि त्या अनुषंगाने.

सादर नमस्कार.

आपण कामात असाल म्हणून मोजकंच लिहिणार होतो. गेल्या पंधरवड्यातल्या रविवारी, पहाटे साडेपाचला, कोकणातल्या एका गरम पाण्याच्या कुंडावर आपल्या खात्याच्या निधीतून बसवलेल्या गुळगुळीत फरशीवरून मी घसरलो. डावा पाय घोट्याच्या वर चार बोटं उगमाच्या खड्ड्यात गेला. त्या खड्ड्यावर पूर्वी लोखंडी जाळी असायची. सुशोभीकरणात ती काढली, फोटोत वाईट दिसते म्हणून. पाय ओढून काढेपर्यंत तीन-चार सेकंद गेले असतील. डॉक्टर म्हणाले, ६० अंशांच्या पाण्याला खोलवर भाजायला पाच सेकंद पुरतात. माझं नशीब ते एवढंच, सेकंदभराचं.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर कारवाई होईल, आणि ती तिथे झाडू मारणाऱ्या बाईवर होईल.

मी एस.टी.चा निवृत्त चालक. ३१ वर्षं गाडी हाकली, त्यातली बावीस मुंबई-गोवा मार्गावर, बहुतेक रातराणी. लोकांना वाटतं ड्रायव्हरची कंबर जाते. जातेच, पण त्याआधी डावा गुडघा जातो, क्लच दाबून दाबून. घाटात तर पाय क्लचवरच. त्या गुडघ्याला आजवर जे काही सुख मिळालं ते औषधानं नाही, या झऱ्यांनी दिलं. अरवली, तुरळ, राजवाडी हे संगमेश्वर तालुक्यातले झरे आमच्या वाटेवरचेच. प्रवासी चहाला उतरले की कंडक्टरला सांगून दहा मिनिटं पाय सोडून यायचो. थंडीत नदीवर धुकं, इकडे पाण्यातून वाफ, नाकाला गंधकाचा तो अंड्यासारखा वास, आणि डोक्यावर उघडं आभाळ. कुणी तिकीट मागत नसे, कुणी फोटो काढत नसे. गाडीत परत बसलो की पुढचे पन्नास किलोमीटर गुडघा गप्प.

हे झरे म्हणजे काय चीज आहे हे आपल्या खात्याला कधी कळलं का, अशी शंका येते. पालघर जिल्ह्यातल्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत, ३०० किलोमीटरहून लांब पट्ट्यात, दीड डझन ठिकाणी ऊन पाणी वर येतं. कुठे ३४ अंश, कुठे ७०च्या घरात. एके ठिकाणी तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं, दुसऱ्या ठिकाणी अंडं शिजवावं. आपल्या पूर्वजांनी गावांची नावंच इशाऱ्यासारखी ठेवली : पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे. कोकणाबाहेरही तेच, जळगावकडे उनपदेव, नांदेडकडे उनकेश्वर. ‘ऊन’ हा शब्द कानावर पडला की माणूस आधी बोट बुडवून बघतो. फलकाची गरजच नव्हती.

आता फलक आहे. दोन वर्षांपूर्वी आपणच नारळ फोडलात, मी मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होतो. ‘सहा महिन्यांत हे कुंड जागतिक दर्जाचं करू’ असं आपण म्हणालात. त्या फलकावर ठळक अक्षरांत लिहिलंय की इथे जमिनीखाली जिवंत ज्वालामुखी आहे. साहेब, आपल्या सह्याद्रीचा लाव्हा थंड होऊन ६.५ कोटी वर्षं झाली. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल उतरतं, तिथे दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी ऊब वाढत जाते, आणि तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेनं वर येतं. हे मला आठवीतल्या नातीनं समजावलं. फलक ज्यांनी लिहिला ते आठवीपर्यंत पोचले नसावेत. त्याच फलकाच्या तळाला एक ओळ आहे : ‘पाण्याचे तापमान : ........ अंश से.’ मध्ये रिकामी जागा, परीक्षेत असते तशी. ती दोन वर्षं रिकामी आहे.

पूर्वीची व्यवस्था सांगतो, कारण ती कुठल्याही अहवालात नसेल. वर उगम, त्यावर जाळी. तिथून पाणी मधल्या कुंडात, तिथून खालच्यात, आणि शेवटी ओहोळानं शेतात. प्रत्येक टप्प्यावर पाणी थोडं निवायचं. म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी खालच्यात बसायचं, मधल्यात उतरायचं ते आधी तळपाय, मग पोटरी, मग हळूहळू अंग. पंधरा मिनिटं झाली की बाहेर. साबण नाही, डोकं बुडवणं नाही. पायऱ्या जांभ्याच्या चिऱ्याच्या, खरखरीत, कितीही शेवाळ आलं तरी पाय धरून ठेवणाऱ्या. हे सगळं कुणा सल्लागारानं आखलेलं नव्हतं, म्हणूनच बहुधा टिकलं.

सुशोभीकरणात चिरे उखडले आणि न्हाणीघरात लावतात तशी चकचकीत फरशी बसवली. कुंड भरलेलं दिसावं म्हणून ओहोळाच्या तोंडाला सिमेंट घातलं. आता पाणी साचतं, आणि त्यावर साबणाचा फेस आणि शाम्पूच्या पुड्या तरंगतात. अशा कोमट साचल्या पाण्यात एक अमीबा वाढतो, तो नाकावाटे मेंदूत जातो. केरळात २०२४ साली त्यानं मुलं गेली. आपल्याकडे तसं होईल असं मी म्हणत नाही. झालंच तर ‘चौकशी समिती नेमली’ हे वाक्य तयार असेल, एवढंच म्हणतो.

पाण्याचा निचरा बंद केला, पण ‘आय लव्ह’ची अक्षरं मात्र उभी केली. माणसाच्या उंचीची, आत दिवे. बदामातला दिवा गेला आहे, त्यामुळे रात्री नुसतं ‘आय’ आणि पुढे गावाचं नाव दिसतं. मराठीत वाचलं तर फार वाईट दिसत नाही.

आणि आता खरं दुःख, जे लिहायचं नव्हतं. स्त्रियांच्या कुंडाला दोन वर्षं कुलूप आहे, ‘काम चालू आहे’ अशी पाटी आणि आत सिमेंटची रिकामी पोती. माझ्या सौभाग्यवतीचे दोन्ही गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत. तीस वर्षं मी रात्री गाडीवर आणि ती घरी, विहिरीपासून चुलीपर्यंत सगळं तिनं ओढलं. निवृत्तीनंतर दर रविवारी कुंडावर जाऊ, असं मी तिला कबूल केलं होतं. आम्ही जातो. मी पाण्यात बसतो, ती कठड्यावर माझा टॉवेल आणि चष्मा धरून बसते. कपडे बदलायची खोली आहे तिला, पण कडी नाही. सांगा, ६० वर्षांच्या बाईनं एका हातानं दार धरून दुसऱ्या हातानं साडी कशी सोडायची? त्या दिवशी मी ओरडलो तेव्हा तीच धावली, दुखऱ्या गुडघ्यांनी, त्याच फरशीवरून. ती घसरली असती तर हे पत्र मी असं लिहिलं नसतं. फलकावर मदतीसाठी एक दूरध्वनी क्रमांक आहे. पाय थंड पाण्याच्या नळाखाली धरून मी तो लावला. ‘आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.’ बाईचा आवाज फार गोड होता.

दवाखान्यातून आल्यावर मी माहितीचा अधिकार वापरला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारलं, कुंड कुणाच्या ताब्यात आहे? हा अर्ज पहिला नव्हता, कुलूप लागलं तेव्हापासूनचा चौथा. एक कार्यालय म्हणतं ग्रामपंचायतीचं, ग्रामपंचायत म्हणते देवस्थानचं, देवस्थान म्हणतं जागा वनखात्याची, आणि वनखातं म्हणतं, ‘सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही.’ तिकीट मात्र २० रुपये, आणि ते घेणारा माणूस रोज वेळेवर असतो. दिवसाला तीनशे माणसं धरा, रविवारी जास्त. वर्षाचे झाले २१ लाख ९० हजार. पावसाळ्यात कमी येतात म्हणाल तर पंधरा लाख धरा. माझा हिशेब ड्रायव्हरचा आहे, चुकत असेल. बरोबर हिशेब तुम्ही छापा, मी जाहीर माफी मागतो. पंधरा लाखांत एक कडी बसत नाही?

जपानमध्ये १९४८ सालापासून गरम झऱ्यांचा कायदा आहे. पाण्यात काय आहे, कुणी त्यात उतरू नये, हे तिथे कुंडावर लिहावं लागतं. तुमचे अधिकारी अभ्यासदौऱ्याला कुठे कुठे जातात ते वर्तमानपत्रात वाचतो. झऱ्याच्या देशात गेले असतील तर बहुधा फलक वाचायच्या आधीच पाण्यात उतरले असणार.

पण दोष एका कुंडाचा नाहीच. ज्या रस्त्यानं आम्ही तिथे जातो त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा मी स्टिअरिंगवर होतो. निवृत्त झालो, नात आठवीत गेली, रस्ता अजून व्हायचाच आहे. दर गणपतीला नवी तारीख मिळते. बाप्पा दर वर्षी येतात नि जातात, तारीखही. आपल्याकडे जे धड चाललेलं असतं तिथेच निधी कसा पोचतो? मोडलेल्या साकवाला निधी नाही, शाळेच्या गळक्या कौलांना नाही. चांगल्या चिऱ्याच्या पायऱ्या उखडायला मात्र आहे. ‘सुशोभीकरण’ हा शब्द ऐकला की हल्ली मी पाकीट चाचपतो, आणि आता पायही.

वज्रेश्वरीला गेला असालच, तिथेही गरम पाण्याची कुंडं आहेत. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस केला, १७३९ साली वसई घेतली आणि देऊळ बांधून नवस फेडला. समोर पोर्तुगीजांच्या तोफा असताना. तुमच्यासमोर एक कुलूप आहे.

मागण्या म्हणाल तर, जाळी परत बसवा. फरशी काढून चिरे लावा. ते उखडलेले चिरे गेले कुठे, तेही शोधा, कारण एका बंगल्याच्या कुंपणाला तसलेच दिसतात. ओहोळ मोकळा करा. स्त्रियांचं कुंड उघडा आणि दाराला कडी लावा. कडी मी आणून देतो, फक्त ती लावायला कुणाची परवानगी लागते तेवढं कळवा.

रिकाम्या जागेचं काम मी केलंय. काल नातीच्या शाळेतून प्रयोगशाळेचा तापमापक मागून घेतला, पायाला पट्टी बांधून, काठी टेकत गेलो. उगमाशी ६३, मधल्या कुंडात ४४, खालच्यात ३९. काळ्या मार्करनं फलकावर तिन्ही आकडे लिहिले, आणि उगमाच्या आकड्यापुढे ‘हात लावू नये’. शासकीय फलक विद्रूप केला म्हणून गुन्हा नोंदवायचा असेल तर माझा पत्ता तुमच्याकडे आहेच, माहिती अधिकाराच्या चारही अर्जांवर.

आपला,
एक निवृत्त चालक

ता.क. : सौ. म्हणते, ३९चं खालचं कुंड तिला चाललं असतं. पण तिथे पुरुष बसलेले असतात, मीसुद्धा.