ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर मापे कोरणे सक्तीचे करावे

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

घाटात ट्रक उलटल्याची बातमी आपल्या वृत्तपत्रात येते, तेव्हा कारण म्हणून बहुतेक वेळा 'चालकाचे नियंत्रण सुटले' एवढेच छापलेले असते. नियंत्रण का सुटले, याचा शोध पुष्कळदा चाकाखाली वाकून घ्यावा लागतो. गेली एकवीस वर्षे मी कराड ते चिपळूण या मार्गावर सहाचाकी ट्रकने मालवाहतूक करतो आणि त्यांपैकी पहिली चौदा वर्षे ट्रक मी स्वतः चालवला आहे. पाटे म्हणजे ट्रकचा भार झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी स्प्रिंग-पट्ट्या. बाजारात मिळणारे, पण गाडीला नीट न बसणारे पाटे आणि ते चाकांच्या आसाला व गाडीच्या सांगाड्याला जोडणारे बुश, यू-बोल्ट आणि शॅकल पिना यांच्याविषयी मी लिहीत आहे, कारण गेल्या पावसाळ्याआधी या एका गोष्टीमुळे माझ्या चालकाच्या जिवावर बेतले होते.

मागच्या डाव्या बाजूचा मुख्य पाटा तुटल्यामुळे मी त्या बाजूचा पूर्ण संच नवा घेतला. गाडी बनवणाऱ्या कंपनीचा संच महाग होता आणि तो यायला आठवडा लागणार होता. म्हणून दुकानात तयार असलेला, दुसऱ्या कारखान्याचा संच घेतला. दुकानदाराने गाडीचे मॉडेल विचारले, वर्ष विचारले नाही, आणि पावतीवर 'पाटा सेट १ नग' एवढेच लिहून दिले. गॅरेजमध्ये संच चढवताना पहिली अडचण आली ती डोळ्याची, म्हणजे पाट्याच्या गोल वळवलेल्या टोकाची. तो हँगरच्या, म्हणजे सांगाड्यावरच्या आधाराच्या, दोन कानांमध्ये जाईना. मिस्त्रींनी ग्राइंडर लावून डोळ्याची बाजू घासली आणि पाटा बसवला. दुसरी अडचण सेंटर बोल्टची होती. पाट्यांच्या थप्पीतून खाली येणारे या बोल्टचे डोके चाकांच्या आसावरच्या, म्हणजे अ‍ॅक्सलवरच्या बैठकीतील भोकात घट्ट बसायला हवे, पण नव्या बोल्टचे डोके सुमारे दोन मिलिमीटर लहान होते. मिस्त्रींनी पत्र्याची पट्टी कापून, तिचे कडे करून डोक्याभोवती गुंडाळले आणि जुनेच यू-बोल्ट पान्याला पाइप लावून आवळले. मी शेजारी उभा होतो. मलाही त्या क्षणी त्यात काही गैर वाटले नाही, हे इथे कबूल केले पाहिजे, कारण पत्र्याचे असे कडे मी इतक्या गाड्यांना पाहिले होते की ती एक रीतच झाली होती.

अकराव्या दिवशी कुंभार्ली घाट उतरताना चालकाला गाडी एका अंगाने ओढते आहे असे जाणवले. त्याने प्रसंगावधान राखून गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि चाकांमागे दगड लावले. मी पोहोचलो तेव्हा डाव्या बाजूचा अ‍ॅक्सल पाट्याखालून जवळजवळ बोटभर मागे सरकला होता, सेंटर बोल्ट कापला गेला होता आणि पत्र्याच्या कड्याचा चुरा बैठकीत तसाच पडला होता. यू-बोल्टच्या चारही नटांना हाताने फिरवता येत होते. वळणाच्या आणखी खाली गाडी गेली असती, तर हे पत्र मी वेगळ्या मनःस्थितीत लिहिले असते.

हे का घडते ते सांगणे आवश्यक आहे, कारण अनेक मालकांचा असा समज आहे की अ‍ॅक्सलला जागेवर धरून ठेवण्याचे काम सेंटर बोल्ट करतो. प्रत्यक्षात अ‍ॅक्सल धरून ठेवते ती यू-बोल्टची आवळ, आणि सेंटर बोल्ट फक्त पाट्यांची थप्पी व अ‍ॅक्सल एकमेकांच्या नेमक्या जागी आणतो. डोके बैठकीत ढिले असेल, तर अ‍ॅक्सल प्रत्येक ब्रेकबरोबर केसभर हलतो, त्या हलण्याने यू-बोल्टची आवळ कमी होते, आणि एकदा ती गेली की सगळा धक्का ज्या बोल्टने कधी सोसायचाच नव्हता त्याच्यावर येतो. यू-बोल्ट एकदा ताणले गेले की त्यांचे आटे पूर्वीसारखी पकड देत नाहीत, म्हणून पाटा बदलताना तेही नवे घ्यायला हवेत, आणि काहीशे किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा आवळायला हवेत. यू-बोल्टचा वरचा बाक गोल आहे की चौकोनी आणि तो वरच्या बैठकीला जुळतो की नाही, हेही पाहावे लागते. बाक जुळला नाही, तर बोल्ट एका कडेवर टेकतो आणि वरून घट्ट दिसूनही आतून मोकळा राहतो.

मापातील याहूनही जास्त फसवी गोष्ट म्हणजे डोळ्यापासून सेंटर बोल्टपर्यंतचे अंतर. अनेक गाड्यांच्या पाट्याचा पुढचा भाग आणि मागचा भाग सारख्या लांबीचे नसतात. हे अंतर गाडीच्या डाव्या आणि उजव्या बाजूला काही मिलिमीटरने जरी वेगळे असले, तरी मागचा अ‍ॅक्सल तिरका बसतो, गाडी रस्त्यावर किंचित आडवी चालते आणि टायर झिजू लागतात. मालक मग टायरला दोष देतो, अलाइनमेंटवर पैसे घालतो, आणि पाट्यावर टेप धरून पाहायचे कोणाच्या मनात येत नाही. कमानीचेही, म्हणजे पाट्याच्या बाकाचेही, तसेच आहे. एका बाजूचा नवा पाटा दुसऱ्या बाजूच्या जुन्या पाट्यापेक्षा जास्त कमानीचा असेल, तर रिकामी गाडी एका अंगावर झुकते. काही ट्रकमध्ये मागच्या अ‍ॅक्सलला एका दांडीने जोडलेला व्हॉल्व्ह असतो, आणि पाटे किती दबले आहेत यावरून भार ओळखून तो मागच्या ब्रेकला हवा देतो. अशा गाडीत कमान बदलली की ब्रेकचे गणितही बदलते, आणि याचा पत्ता ना दुकानदाराला असतो ना गाडीवाल्याला.

या सगळ्याचा दोष 'बाहेरच्या मालाला' सरसकट देणे मला मान्य नाही. एका गाडीवर घर चालवणाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी कंपनीचा भाग परवडत नाही. बाहेरचे चांगले कारखानेही आहेत, आणि त्यांचे पाटे मी वर्षानुवर्षे वापरले आहेत. खरा दोष हा आहे की पाट्यावर तो कोणत्या गाडीचा, कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या मापाचा, हे समजण्याची सोय नसते. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या ट्रकमध्ये वर्षागणिक बदल होत असतात. वाहनांच्या धुराचे बीएस-४ निकष एप्रिल २०१७ पासून देशभर आणि बीएस-६ निकष एप्रिल २०२० पासून लागू झाले. या दोन्हींच्या मधल्या काळात, जुलै २०१८ मध्ये, केंद्र सरकारने भाराची मर्यादा वाढवली, आणि चार टायर असलेल्या एका अ‍ॅक्सलसाठी ती १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. भार वाढला म्हणजे पाट्यांची संख्या किंवा जाडी बदलू शकते, थप्पीची उंची बदलू शकते, आणि त्याबरोबर यू-बोल्टची लांबीही. एवढे असताना दुकानात नुसते मॉडेल सांगून संच दिला-घेतला जातो. गळीत हंगामाच्या तोंडावर ऊस वाहणाऱ्या गाड्यांच्या रांगा पाटेवाल्यांकडे लागतात, तेव्हा तर मापे घ्यायला कोणालाच उसंत नसते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मुख्य पाट्यावर रुंदी, जाडी, डोळ्याचा आतील व्यास, डोळ्यापासून सेंटर बोल्टपर्यंतची दोन्ही अंतरे आणि मोकळी कमान (भार नसतानाचा बाक) ही मापे, उत्पादकाच्या नावासह, पुसली जाणार नाहीत अशी कोरलेली असावीत, आणि पाट्याची पुढची बाजू कोणती हे बाणाने दाखवलेले असावे. हीच मापे व गाडीचे उत्पादन वर्ष पावतीवर लिहिणे दुकानदारांवर बंधनकारक करावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादनाच्या योग्य वापराबाबत पुरेशा सूचना न दिल्याने झालेल्या हानीची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. त्याच कायद्यानुसार स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी खरेदी करणारा माणूस ग्राहकच ठरतो, ही गोष्ट एका ट्रकवर पोट असणाऱ्या आमच्यासारख्यांपैकी फार थोड्यांना माहीत आहे. परंतु हातात 'पाटा सेट १ नग' अशी पावती घेऊन ग्राहक आयोगासमोर काय सिद्ध करणार?

मिस्त्री मंडळींनाही हात जोडून एक विनंती आहे. डोळा हँगरमध्ये जात नसेल, तर ग्राइंडर उचलू नये, आणि गॅस लावून पाटा तापवणे तर कधीच करू नये, कारण तापवलेल्या जागी पाट्याचे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरते आणि तो तिथेच तुटतो. न बसणारा भाग गिऱ्हाइकाला परत न्यायला सांगावा. एक दिवस गाडी उभी राहील, तिचे भाडे बुडेल आणि गिऱ्हाईक रागावेल, हे मला माहीत आहे, कारण त्या दिवशी घाई करणारे गिऱ्हाईक मीच होतो. परिवहन विभागाने योग्यता प्रमाणपत्राच्या तपासणीत पाट्याखाली पत्र्याची कडी आणि वेल्डिंगचे ठिपके शोधावेत. आठ वर्षांपर्यंतच्या गाड्यांची दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी होतेच, त्यात बॅटरी घेऊन खाली वाकायला पाच मिनिटे जास्त लागतील.

कापला गेलेला सेंटर बोल्ट आणि पत्र्याचा तो चुरा मी एका डब्यात ठेवला आहे. माझ्या ट्रकच्या दोन्ही बाजूंच्या पाट्यांची मापे मी वहीत उतरवून काढली आहेत, आणि आमच्या भागातील ज्या मालकांना आपल्या गाडीची मापे घ्यायची असतील, त्यांच्याबरोबर टेप घेऊन मी रविवारी यायला तयार आहे.

आपला नम्र,
एक ट्रकमालक,
ता. कराड, जि. सातारा