चेकचा फोटो आणि पुढचे नऊ महिने

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका कबड्डीपटूच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मंडळाने मदत दिल्याची बातमी आली होती. पुठ्ठ्याचा भलामोठा चेक, तो धरायला सात-आठ कार्यकर्ते आणि अगदी कडेला कुबड्या घेतलेला तो मुलगा. मदत करणाऱ्यांबद्दल आदरच आहे. पण असला फोटो आम्हीही काढून बसलोय, म्हणून चार ओळी लिहितो.

कसबा पेठेत एका लहान मंडळाच्या मुलामुलींना मी संध्याकाळी कबड्डी शिकवतो. चार वर्षांपूर्वी आमचा डाव्या कोपऱ्यात खेळणारा मुलगा पकडीला वळला. पाय मॅटला चिकटलेला, अंग फिरलं, आणि 'कट्' असा आवाज बाहेर बसलेल्या आम्हाला ऐकू आला. (मातीत पाय घसरून सुटायचा, मॅटवर तो सुटत नाही, असं आपलं माझं मत.) तासाभरात गुडघा नारळाएवढा. घरच्यांनी आंबेहळद-रक्तबोळाचा लेप घातला, कुणीतरी चोळूनही दिला. ताज्या दुखापतीला चोळू नये हे आम्हाला नंतर कळलं. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, तुटलेलं निघालं. वर्गणी निघाली, ऑपरेशन उत्तम झालं, कुबड्या सुटल्या आणि आम्ही आपापल्या कामाला लागलो.

फिजिओकडे तो जेमतेम तीनदा गेला. एका वेळचे पाचशे रुपये, वर रिक्षा. ऑपरेशनसाठी कुणाकडेही हात पसरता येतो. 'पोरगा गादीवर पडून पाय उचलतो, त्याचे पैसे द्या' असं कुणाच्या दारात जाऊन सांगणार? साडेपाच महिन्यांनी निवड चाचणी आली. "सर, आता काहीच दुखत नाही," म्हणाला. मी उतरवला. तिसऱ्या चढाईला तोच गुडघा परत गेला. दुसरं ऑपरेशन त्याने केलंच नाही.

दुखत नाही म्हणजे बरं झालं, हा आमचा समज. बहुतेक वेळा मांडीमागचीच एखादी शीर (रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) काढून तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवतात. ती तिथे रुजायला काही महिने जातात, आणि मधल्या काळात, साधारण दीड ते तीन महिन्यांच्या आसपास, ती बसवली तेव्हापेक्षाही कच्ची असते. नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते आणि पोरगं जिने चढायला लागलेलं असतं. ऑस्लो आणि डेलावेअरच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेला हिशेब मला एका फिजिओबाईंनी दाखवला: नऊ महिन्यांपर्यंत मैदानात परतणं जितकं लांबवाल, तितका दर महिन्याला गुडघ्याला पुन्हा इजा व्हायचा धोका जवळजवळ निम्मा होतो. हे मला चार वर्षांपूर्वी ठाऊक असतं तर, असं रात्री मनात येतंच.

यंदा मे महिन्यात आमच्या एका मुलीचं तेच ऑपरेशन झालं. या वेळी जमलेल्या वर्गणीतले वीस हजार आम्ही आधीच बाजूला काढले, फक्त फिजिओसाठी. ती राहते वाड्यात दुसऱ्या मजल्यावर, जिना लाकडी आणि उभा. पहिला धडा त्याचाच: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची आणि दहा आकडे मोजायचे. मोजायला तिची आई, पोळ्या लाटता लाटता. दीड महिन्याने शिंप्याच्या टेपने मांडी मोजली, तर दुसरीपेक्षा चार सेंटीमीटर बारीक! मुलगी रडली. मला मात्र पहिल्यांदाच कळलं की गुडघ्याचं दुखणं मांडीत बघायचं असतं.

आता सातवा महिना चालू आहे. सहा महिने झाल्यावर फिजिओबाईंनी एका पायावर लांब उडी मारून घेतली. चांगल्या पायाने १२० सेंटीमीटर, ऑपरेशनच्या पायाने ८४. रविवारी ९८ झाली. किमान १०८ पाहिजे, म्हणजे नव्वद टक्के. शिवाय मांडीची ताकदही तेवढीच भरली पाहिजे, मग मॅट. पुढच्या महिन्यात चाचणी आहे, आणि 'नुसती पाच मिनिटं उतरवा हो' असे फोन मला आत्ताच येतायत.

मंडळांना माझी विनंती साधी आहे. कमरेएवढ्या ट्रॉफ्या थोड्या बुटक्या चालतील, पण ऑपरेशनच्या मदतीतला काही भाग पुढच्या व्यायामासाठी राखून ठेवा आणि तो थेट फिजिओकडे भरा. निवड समित्यांनी ऑपरेशन झालेल्या खेळाडूकडे वयाच्या दाखल्यासोबत फिजिओची चिठ्ठीही मागावी. एवढी चिठ्ठी मागितली असती, तर मला त्या दिवशी नाही म्हणायला निमित्त मिळालं असतं.

आपला,
एक जुना कबड्डीपटू,
कसबा पेठ, पुणे