काळ्या चौकटीपाशी थांबायला शिकवलंत, मॅडम

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

तुम्ही ग्रंथालयातून निवृत्त झाल्याचं मला उशिरा कळलं. निरोप समारंभाला असते तरी चार माणसांत दोन वाक्यं बोलून खाली बसले असते. म्हणून हे सविस्तर, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. देवघेवीच्या काउंटरमागे बसलेलं माणूस एखाद्या वाचकासाठी काय काय करू शकतं, ते लोकांना कळायला हवं.

मी कराडकडची, मराठी माध्यमातली. कॉलेजसाठी पुण्याला आले तेव्हा इंग्रजी कादंबरीची दोन पानं वाचतानाच दमछाक व्हायची. कॉमिक्स म्हणजे माळ्यावर सापडलेले मामाचे इंद्रजालचे अंक आणि अमर चित्र कथा, एवढीच माझी ओळख. तुम्ही माझ्या हातात मार्जान सात्रापीचं ‘पर्सेपोलिस’ ठेवलंत. इराणमध्ये 1979 ची क्रांती झाली तेव्हा लहान असलेल्या मुलीची ही आत्मकथा, सगळी काळ्या-पांढऱ्यात. “इंग्रजी सोपं आहे. अडलीस तर चित्र सांगेल. फक्त भराभरा पानं उलटू नकोस,” असं म्हणालात.

मी पुस्तक परत करायला आले तेव्हा तुम्ही त्यातलं एक पान उघडलंत. तेहरानवर क्षेपणास्त्रं पडताहेत. शेजारच्या बाबा-लेव्ही कुटुंबाचं घर जमीनदोस्त झालंय आणि आई मार्जीला ओढत तिथून पुढे नेते आहे. ढिगाऱ्यात तिला मैत्रिणीचं पिरोजा खड्यांचं कडं दिसतं. पुढच्या चौकटीत ती तोंडावर हात धरते, मग डोळे झाकून घेते, आणि शेवटची चौकट नुसती काळी. चित्र नाही, चेहरा नाही. “इथं किती वेळ थांबलीस?” असं तुम्ही विचारलंत. मग दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या फटीवर बोट ठेवून म्हणालात, “आणि इथं काय घडलं ते कुणी काढलेलं नाही. ते तू भरायचंस.” गर्दीची वेळ होती, मागे रांग होती, तरी तुम्ही ते पान माझ्याबरोबर सावकाश पाहिलंत. चित्र बघायचं नसतं, वाचायचं असतं, हे त्या दिवशी मला कळलं. आजही मी असं पुस्तक हातात घेतलं की आधी पूर्ण पानावर नजर फिरवते आणि मगच संवादाच्या फुग्यांकडे वळते.

दुसरी गोष्ट तुमच्या भांडणाची. ही सगळी पुस्तकं बालविभागात ठेवावीत, चित्रांची पुस्तकं मोठ्या माणसांच्या कपाटात कशाला, असं वरून सांगण्यात आलं होतं. तुम्ही आर्ट स्पीगेलमनचं ‘माऊस’ उचलून चरित्रांच्या कपाटात नेऊन ठेवलंत आणि ते तिथंच राहील हे बघितलंत. किती बरोबर होतं ते! ज्यू उंदीर, नाझी मांजरं, एवढं ऐकून कुणालाही ते पोरांचं वाटेल. पण ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेल्या बापाला मुलगा समोर बसवून बोलतं करतो, बापाचा कंजूषपणा, त्याचा हेकेखोरपणा काही लपवत नाही, आणि आईच्या डायऱ्या बापानेच जाळून टाकल्याचं कळतं तेव्हा त्याच्यावर भडकतो. ते चरित्रच आहे. हा बाप व्लादेक आणि आई आन्या लपायला जागा शोधत चालले आहेत, असं एक चित्र त्यात आहे. दोघं पाठमोरे, समोर रस्ता फुटलेला, आणि त्या फाट्यांचा आकार नाझींच्या स्वस्तिकाचा. जाणार कुठे? शब्दांत हे सांगायला परिच्छेद लागला असता. या पुस्तकाला 1992 साली पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. तुम्ही मात्र पुरस्काराचं कधी बोलला नाहीत, ते चित्रच दाखवलंत.

आणि मग बाबासाहेब आंबेडकरांवरचं ‘भीमायन’. याबद्दल तुमचे आभार कसे मानू! दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलेलं, 2011 साली नवायननं छापलेलं. त्यात चौकटीच नाहीत. पात्रं डब्यात कोंडली की गुदमरतात, असं त्या दोघांचं म्हणणं. साध्या-सरळ माणसाच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि जातीवरून डंख मारणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. एकदा हे लक्षात आलं की अक्षरं वाचायच्या आधीच बोलणारा कसा आहे ते समजतं.

त्यातला बाबासाहेबांचा 1901 चा प्रवास मला आतून हलवून गेला. पोरं वडिलांकडे गोरेगावला निघालेली, उतरली मसूरला. आमचं मसूर! तिथं गाडी थांबली की मी खिडकीतून बाहेर बघायची, पण ही गोष्ट मला माझ्या गावाकडे कुणी सांगितली नव्हती. जात कळल्यावर गाडीवाला मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही पोरांनी गाडी हाकायची आणि आपण बाजूने चालायचं या अटीवर. डबा जवळ होता, पण पाणी मिळालं नाही म्हणून पोरं रात्रभर उपाशी. हे मी इंग्रजीतून, गोंड चित्रांतून, पुण्याच्या वाचनकक्षात बसून वाचलं. त्या सुट्टीत घरी जाताना मसूरला मुद्दाम फलाटावर उतरून उभी राहिले.

तुम्ही मला यादी कधी दिली नाहीत. एक पुस्तक परत आलं की त्यावर बोलायचं आणि मगच पुढचं. हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेल्या केइजी नाकाझावाचं ‘बेअरफूट गेन’ तसंच आलं. पुढे जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’वरचं ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ही, आणि ते वाचून मी मूळ ‘गुलामगिरी’ मागायला आले तेव्हा तुम्ही ती काउंटरखाली काढूनच ठेवली होती. माझी इंग्रजीची भीती यातच कधीतरी गेली. आज ऑफिसात दिवसभर इंग्रजीत लिहिते, ती तुमची देणगी आहे मॅडम.

ओरिजित सेनचं नर्मदेवरचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ तुम्हाला ग्रंथालयासाठी हवं होतं. 1994 चं पुस्तक, वर्षानुवर्षं बाजारात नव्हतं, आणि तुम्ही प्रत्येक विक्रेत्याला विचारायचात. 2022 साली त्याची नवी आवृत्ती आली आहे. मी दोन प्रती मागवल्यात. एक तुमची. या महिन्यात पुण्याला येते आहे, तुम्हाला सोयीची वेळ कळवा, म्हणजे घरी आणून देते.

तुमची,
कराडची वाचक