चिऊच्या गणिताचा कागद

नागपूर, रविवार रात्र

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

गाडी रेल्वे पार्सलातून सोडवून आणली, एक आरसा तेवढा तडकला, असं तू फोनवर आईला सांगितलं. बाबांना फोन दे म्हणाली नाहीस. मी तिथंच दिवाणावर होतो. म्हणून लिहून राहिलो. गाडी हळू चालव, हे लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो आहे.

बंटीच्या वहीत तुझा तो कागद सापडला. सिग्नल सुटतो, त्याच क्षणी सेकंदाला १५ मीटर अशा एकसारख्या वेगानं ट्रक बाजूनं निघून जातो, आणि स्कूटर जागेवरून २.५ च्या त्वरणानं सुटते, म्हणजे दर सेकंदाला तिचा वेग २.५ नं वाढते. कधी गाठेल? तुझं उत्तर १२ सेकंद, १८० मीटर. मी मध्येच तोंड घातलं, की गाठताना स्कूटरचा वेग ३० होते, म्हणजे ताशी १०८. अजनी चौकातून १०८ नं कोण जाते बाप्पा? तू म्हणाली, "प्रश्नात वेग विचारलाच नाही, बाबा. हे गणित आहे, तुमचा डेपो नाही." त्यावर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. गाडीत बसायच्या आदल्या रात्री तर नकोच.

महाराष्ट्र एक्सप्रेसनं तू गेली अन् मी कागद घेऊन बसलो. त्वरण १ धरलं. ३० सेकंद लागले, ४५० मीटर गेले, वेग पुन्हा ३०. मग ३ धरलं. १० सेकंद, १५० मीटर, अन् वेग ३०च! वाटलं माझंच चुकून राहिलं. शेवटी बंटीनं तू काढलेली आकृती दाखवली, आडवा वेळ, उभा वेग, ट्रकचा चौकोन आणि स्कूटरचा त्रिकोण. क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर. दोघांचं क्षेत्रफळ सारखं व्हायचं तर त्रिकोणाची उंची दुप्पट पाहिजेच. ३२ वर्षं स्टेअरिंग धरलं, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुझ्या २.५ च्या गणितात आणखी एक पाहिलं. सहाव्या सेकंदाला दोघांचा वेग सारखा होते, आणि तेव्हाच अंतर सगळ्यात जास्त, ४५ मीटर. माणसाला वाटते आपण मागंच पडून राहिलो, मग तो मूठ आणखी पिळते.

आणि दुप्पट वेगानं पोचला की समोर ट्रकचा फाळका. पुस्तक तिथं थांबते, चिऊ, गाडी थांबत नाही. हेल्मेटचा पट्टा लावत जा, नुसतं डोक्यावर ठेवू नको. ट्रकच्या डावीकडून तर कधीच नाही, ड्रायव्हरला तिकडचं दिसतच नाही.

झालं, लिहिलंच. माफ कर.

उमरेडच्या फेरीला तू सुट्टीत माझ्या मागच्या सीटवर बसायची, आत्यानं दिलेलं घड्याळ हातात धरून. पाचवीत होती. किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत सेकंद मोजायची. "बाबा, बहात्तर! म्हणजे आपण ५० नं चाललो." कंडक्टर तिकिटं फाडायची सोडून तुझ्याकडे पाहत राहिला. त्या दिवशी डेपोत मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. तुला काही बोललो नाही, आता वाटते बोलायला पाहिजे होतं.

दुसरी गोष्ट आईलाही माहीत नाही. काटोल रोडला संत्र्याचा ट्रक पुढं होता, मला उशीर झाला होता, मी बस बाहेर काढली. समोरून मेटाडोर. कसा आत आलो ते अजून सांगता येत नाही. मागं चाळीस माणसं. विनाअपघात सेवेचा तो बिल्ला तू पाहुण्यांना कौतुकानं दाखवायची ना, तेव्हा मी काहीतरी काम काढून आत जायचो.

म्हणून काल मी माझं एक गणित केलं. ट्रक १५ नं, तू १७.५ नं, म्हणजे ताशी ६३. फरक फक्त २.५ चा. ट्रक १० मीटर, पुढं-मागं १५-१५ मीटर जागा, तुझी गाडी २ मीटर, झाले ४२. वेळ १६.८ सेकंद. तेवढ्यात तू २९४ मीटर गेली, समोरचाही १५ नं येत असेल तर तो २५२ मीटर आला. म्हणजे साडेपाचशे मीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. मला त्या दिवशी काटोल रोडला एवढा दिसत नव्हता.

बंटी म्हणते गाडीची लांबी धरायची नसते, बिंदू धरायचा. मी २ मीटर धरली. कोणाचं बरोबर ते कळव, त्याला सोमवारी वही द्यायची आहे. तुझ्या पहिल्या गणितात तुझंच बरोबर होतं, १२ सेकंद.

मामीचा गुडघा बरा आहे. चिवडा डब्यातच ठेवू नको, खा. आणि तडकलेला आरसा उजवीकडचा असेल तर तो आजच बसव.

— बाबा