रंग बदलला नाही म्हणून परतावा नाही? फ्रान्सच्या तंबू सहलीबद्दल तक्रार

दि. २२ ऑगस्ट २०२१

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : दोर्दोन (फ्रान्स) येथील तंबू सहल, २४ जुलै ते ७ ऑगस्ट २०२१. भरलेले १,८४० पौंड परत मिळण्याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि.

तुमच्याशी सगळा व्यवहार मराठीत झाला, पैसे मागणारे फोनही मराठीतच आले, म्हणून तक्रारही मराठीतच लिहिते आहे. इंग्रजी प्रत क्रेडिट कार्ड कंपनीसाठी वेगळी तयार ठेवली आहे.

यंदा पुण्याला जायचा प्रश्नच नव्हता. कोविडमुळे ब्रिटनने देशांच्या लाल, अंबर (पिवळसर) आणि हिरवी अशा याद्या केल्या होत्या; २३ एप्रिलपासून भारत लाल यादीत, आणि इंग्लंडला परतल्यावर पहिल्या माणसामागे १,७५० पौंडांचं सक्तीचं हॉटेल. त्यापेक्षा आपली गाडी, आपला तंबू, आपला कुकर, असा हिशोब करून आम्ही तुमच्याकडे आलो. सार्ला गावाजवळची जागा आणि डोव्हर ते कॅले फेरी, दोन्ही तुम्हीच एकत्र विकलंत. मुलगा तिसरीत आहे, शाळेत अश्मयुग झालं होतं, त्यामुळे लास्कोची गुहाचित्रं (मूळ गुहा बंद असते, शेजारची प्रतिकृती बघायची) हे त्याचं वर्षभराचं वेड. फेब्रुवारीत ४६० पौंड इसार दिला.

८ जुलैला सरकारने जाहीर केलं की दोन्ही डोस झालेल्यांना अंबर देशांतून परतल्यावर १९ जुलैपासून विलगीकरण नाही. दुसऱ्याच दिवशी तुमचा फोन. "ताई, आता कसली वाट बघताय? उरलेले भरून टाका, जागा जातील." मी सरळ विचारलं, फ्रान्सचं काही बदललं तर? उत्तर मिळालं, "आमची जाहिरात वाचली नाही का? रंग बदलला तर पैसे परत." दुपारच्या सुट्टीत, हातात डबा धरून, १,३८० पौंड कार्डाने भरले.

पुढच्या शुक्रवारी, १६ जुलैच्या रात्री, बातमी आली. फ्रान्सहून येणाऱ्यांना, दोन्ही डोस असले तरी, दहा दिवस घरात बसावं लागणार. दुसऱ्या आणि आठव्या दिवशी चाचणी. या जादा नियमालाच 'अंबर प्लस' म्हणू लागले. कारण करोनाचा बीटा प्रकार. त्याचे बरेचसे रुग्ण रियुनियन बेटावरचे, असं फ्रान्सकडून सांगितलं जात होतं. ते बेट पॅरिसपासून नऊ हजार किलोमीटरवर, हिंदी महासागरात. असो, हा निर्णय काही तुमचा नव्हता आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

मी केअर होममध्ये काम करते. ते घरून करता येत नाही. दहा दिवस बसले तर पगार बुडतो आणि माझ्या पाळ्या दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर येतात. म्हणून १७ तारखेला सकाळीच मेल करून पैसे परत मागितले.

२० तारखेचं तुमचं उत्तर जसंच्या तसं देते : "फ्रान्स अजूनही अंबर यादीतच आहे. 'अंबर प्लस' हा स्वतंत्र रंग नसल्याने परतावा लागू होत नाही." हे मी तीनदा वाचलं. नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. अहो, त्या 'प्लस'मुळेच तर दहा दिवसांचा फरक पडला! लोक रंग बघतात ते त्यामागच्या नियमासाठी. नियम उलटा फिरला आणि तुम्ही रंगाचं नाव धरून बसलात.

फोनवर तुमच्या माणसाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, जागा स्पेनला हलवून देतो, गाडीने जा. वाटेत फ्रान्समध्ये कुणी गाडीतून उतरून परत बसलं तर तेच विलगीकरण लागतं, हे त्यांना माहीत नव्हतं. कॅलेपासून स्पेनची हद्द हजार किलोमीटरच्या वर आहे. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन, दार न उघडता?

दुसरी गोष्ट जास्त लागली. माझ्या नवऱ्याच्या लशीचा बॅच क्रमांक ४१२०झेडने सुरू होतो, म्हणजे ती पुण्याच्या सीरममध्ये बनलेली. दिली इंग्लंडमध्येच, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, एनएचएसने. "ती लस फ्रान्सला चालत नाही, म्हणजे तुम्ही तसेही जाऊ शकला नसता," असं मला ऐकवलं गेलं. फ्रान्सने १८ जुलैपासून ही लस, म्हणजे कोविशील्ड, मान्य केली होती. हा फोन झाला २१ तारखेला. शिवाय लशीचा मुद्दा इतका महत्त्वाचा होता तर ९ जुलैला पैसे घेताना का नाही काढला? हडपसरच्या माणसाला पुण्याच्या लशीवरून अपात्र ठरवायला तुम्हाला मराठीच बोलावं लागलं, एवढंच म्हणते.

४ ऑगस्टला सरकारने निर्बंध उठवल्याचं जाहीर केलं, तर लगेच तुमचा मेल : "पाहा, गेला असतात तर काहीच अडचण आली नसती." सवलत रविवारी, ८ ऑगस्टला पहाटे चारपासून होती. आमची परतीची फेरी शनिवारी, ७ तारखेला दुपारी. तिकीट तुम्हीच काढलं होतं.

शेवटी पैशांऐवजी मिळाली क्रेडिट नोट, पुढच्या सहलीत वळती करायची, आणि तिची मुदत ३१ मार्च २०२२. सार्लाजवळची ती जागा एप्रिलमध्ये उघडते, असं तुमच्याच माहितीपत्रकात छापलं आहे. म्हणजे ही नोट ज्या दिवसांत चालते त्या दिवसांत तिथे तंबू ठोकता येत नाही. याला आमच्याकडे तोंडाला पानं पुसणं म्हणतात.

फेरी आणि जागा एकत्र विकली म्हणजे ते पॅकेज झालं आणि त्याला पॅकेज सहलींचे २०१८चे नियम लागतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. मला त्याचा कीस पाडायचा नाही. "रंग बदलला तर पैसे परत" हे तुमचं वाक्य आणि ते ऐकून मी भरलेली रक्कम, माझ्या मागणीला एवढं पुरेसं आहे.

हे पत्र मिळाल्यापासून चौदा दिवसांत पूर्ण १,८४० पौंड ज्या कार्डावरून आले त्याच कार्डावर जमा करावेत. तसं न झाल्यास १९७४च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५खाली कार्ड कंपनीकडे दावा दाखल करीन. क्रेडिट नोट सोबत परत पाठवते आहे. जाहिरातीचं छायाचित्र, तुमचे दोन्ही मेल आणि पावत्याही जोडल्या आहेत.

कळावे,
आपली ग्राहक

ता.क. : काल रात्री पाहिलं, ती जाहिरात तुमच्या पानावर अजून तशीच आहे, ऑक्टोबरच्या सुट्टीच्या सहलींसाठी. निदान "प्लस धरला जाणार नाही" एवढं तरी खाली लिहा.